यीस्ट म्हणजे सालगडी नव्हे

लातूर जिल्ह्यातल्या देवणीचं नाव एका गोवंशाला मिळालं आहे. पांढऱ्या अंगाची, काळ्या तोंडाची वानेरा, ठिपक्यांची शेवरा आणि जवळपास पांढरीच बालंक्या अशा त्याच्या तीन तऱ्हा. दूध आणि शेतकाम दोन्हींसाठी जपलेल्या या जनावराचं मुख्य खाणं म्हणजे ज्वारीचा कडबा. आता गोठ्यांतल्या खुराकात यीस्टची पुडीही पडू लागली आहे. ती पोटात जाऊन करते काय?

खरं तर कडबा गाय पचवत नाही. तिच्या कोटीपोटातले जिवाणू, प्रोटोझोआ आणि बुरशा तो पचवतात. तिथं ३९ अंशांच्या आसपास ऊब असते आणि हवा जवळजवळ नसते. हे जीव चारा फोडून जी आम्लं तयार करतात, त्यांवरच गाय जगते. आम्ल वाढू लागलं, तर रवंथ करताना गिळलेली लाळ ते आवरते.

पिठाचा मारा झाला की ही घडी विस्कटते. लग्नातला उरलेला भात पुढ्यात टाकला, किंवा जनावरानं ज्वारीच्या राशीत तोंड घातलं, की काही जिवाणू झपाट्यानं लॅक्टिक आम्ल बनवतात. सामू साडेपाचाखाली घसरतो, काडी पचवणारे जिवाणू मंदावतात, रवंथ थांबते. रवंथ नाही म्हणून लाळ नाही, आणि लाळ नाही म्हणून आम्ल आणखी चढतं. अशा वेळी पुडी शोधत बसू नये, डॉक्टरला बोलवावं. यीस्टचं काम त्याआधीचं, विशेषतः व्यायल्यावर खुराक वाढवतानाचं.

चाऱ्यापाण्याबरोबर पोटात थोडा प्राणवायू शिरतो. जिवंत यीस्ट तो वापरून टाकतं, त्यामुळे हवा न सोसणाऱ्या जिवाणूंचं फावतं. लॅक्टिक आम्ल खाणाऱ्या जिवाणूंना ते जीवनसत्त्वं पुरवतं. शिवाय त्याच्या पेशीभित्तिकेतल्या मॅननला काही ई. कोलाय चिकटतात आणि आतड्याला धरायचे राहतात. त्याच भित्तिकेतला बीटा-ग्लुकन प्रतिकारपेशींना जागं करतो. म्हणून वासराला चिकाऐवजी यीस्ट पाजावं असं मात्र नाही. चिकातून तयार प्रतिपिंडं मिळतात, यीस्टमधून ती मिळत नाहीत.

माणसांच्या औषधातलं बुलार्डी यीस्ट याच्याच कुळातलं. फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी बुलार्ड यांनी १९२०च्या दशकात इंडोचायनात ते फळांच्या सालीतून वेगळं केलं. अँटिबायोटिक जिवाणूंना मारतं, यीस्टला नाही. म्हणून त्या औषधांनी होणारे जुलाब टाळायला ते देतात. अतिदक्षता विभागातल्या, मोठ्या शिरेत नळी असलेल्या रुग्णाच्या मात्र ते रक्तात उतरू शकतं. तिथं ते टाळलेलंच बरं.

दोन्हीकडे यीस्ट रोजंदारीवरच येतं. पोटात ते ठाण मांडत नाही, देणं थांबवलं की काही दिवसांत निघून जातं. म्हणून पुडी घेताना किमतीआधी जिवंत पेशींचा आकडा आणि मुदत पाहावी. ती पत्र्याखाली तापू देऊ नये, आणि आंबोण शिजवून देत असाल तर ते निवल्यावरच यीस्ट मिसळावं.