तळपायाची कमान आणि रक्ताचा चढ

पावसाळ्यात मुले ओल्या पायांनी वर्गात शिरतात तेव्हा फरशीवर उमटलेले ठसे पाहण्याची मला खोड आहे. कोणाचा ठसा मध्ये निमुळता होतो, तर कोणाचा टाचेपासून बोटांपर्यंत सलग उमटतो. अशाच एका सलग ठशाच्या मुलाचे वडील परवा भेटले. मूळचे धुळ्याकडचे, सुरतेत उधन्याला कापडाच्या घड्या घालतात, बारा तास एका जागी उभे राहून. संध्याकाळी पाय सुजतात, पोटऱ्यांवर निळ्या शिरा फुगतात. म्हणाले, "मास्तर, आमच्या घराण्याचं पाऊलच सपाट, त्याला काय करणार?"

श्रोतेहो, दोष पावलाचा की उभे राहण्याचा?

हृदयाने खाली धाडलेले रक्त परत वर चढवायचे, तर त्याला ढकलणारे कोणी हवे. शिरांत एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात. पादुआच्या फाब्रिसियसने १६०३ साली त्यांचे वर्णन छापले. पुढे १६२८ मध्ये त्याचा शिष्य हार्वे याने रक्ताभिसरणाचा उलगडा केला. परंतु झडप रक्ताला मागे येऊ देत नाही एवढेच. ढकलण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात, आणि त्यांच्याही आधी तळपाय. पाऊल टेकले की कमान किंचित पसरते, तळव्यातील शिरा ताणल्या-दाबल्या जातात आणि रक्त वर सरकते. पाऊल उचलले की त्या पुन्हा भरतात. स्तब्ध उभ्या माणसाच्या घोट्याजवळील शिरेत पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटर इतका दाब असतो. चालू लागताच तो तिसाच्या आसपास उतरतो.

कमान खचलेली असेल तर हा पंप थोडा उणा पडण्याचा संभव आहे, हे खरे. पण उत्तम कमानीचा मनुष्यही खांबासारखा उभा राहिला तर त्याचा पंप बंदच! त्याच पेठेत मागांच्या रांगांतून फेऱ्या घालणारा विणकर या बाबतीत बरा. हिऱ्याच्या घंटीवर पाय लोंबते ठेवून बसणारा कारागीर मात्र घडीवाल्याचाच सोबती. लहान मुलांची पावले तर सपाटच असतात. कमान पुढे वयाबरोबर भरते. मुलाची चिंता नको, असे मी त्यांना सांगितले.

त्यांना स्वतःला मात्र दर थोड्या वेळाने टाचा उचलून चवड्यांवर उभे राहण्यास, चार पावले चालण्यास आणि रात्री पाय उशीवर ठेवण्यास सुचविले. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, हेही बजावले; शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते.

ते हसले. "टाचा उचलीन, मास्तर, पण मुकादम विचारील, नाचतोस काय म्हणून!"