संगणकातला माणूस आणि आपली मापे

माणसाच्या शरीराला सोसेल असे काम आणि हाताला जमेल अशी वस्तू, या विचाराला, म्हणजे एर्गोनॉमिक्सला, मुंबईच्या उपनगरांत साठच्या दशकात घर मिळाले. १९६३मध्ये पवईत, विहार तलावाच्या बाजूला, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या साहाय्याने ‘नीटी’ उभी राहिली. हीच आताची आयआयएम मुंबई. १९६९मध्ये शेजारच्या आयआयटीत औद्योगिक अभिकल्प केंद्र, म्हणजे ‘आयडीसी’ सुरू झाले. ते घडवणाऱ्यांत सुधाकर नाडकर्णी होते. पुढे तिथेच प्रा. गौर रे यांनी एर्गोनॉमिक्स शिकवले.

त्याच सुमारास परदेशात शरीर संगणकात शिरत होते. बोइंग कंपनीत विल्यम फेटर यांनी वैमानिकाची रेखाकृती संगणकाकडून काढून घेतली. कॉकपिटमध्ये हात कुठवर पोचतो, ते त्यावरून पाहता येई. ऐंशीच्या दशकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात नॉर्मन बॅडलर यांच्या प्रयोगशाळेत ‘जॅक’ हा संगणकातला पुतळा तयार झाला. हा पुतळा म्हणजे सांध्यांची साखळी. कुठला सांधा किती अंश वळेल, हे आधी ठरलेले असते. पंजा अमुक ठिकाणी न्यायचा म्हटले, की कोपर, खांदा, कंबर कुठे जातील ते संगणक उलट्या दिशेने सोडवतो. मग ताण मोजायचा. १९९३च्या ‘रूला’ पद्धतीत १ ते ७ गुण असतात. ७ आले तर कामाची मांडणी ताबडतोब बदलायची.

गणित कुठेही तेच. शरीर मात्र तेच नसते. जॅकमध्ये १९८८च्या अमेरिकी लष्करी पाहणीतली मापे भरलेली होती. त्यांवर बेतलेले यंत्र आपल्याकडच्या ठेंगण्या बाईला खांदा दुखेपर्यंत हात उचलायला लावणारच. म्हणून १९९७मध्ये अहमदाबादच्या एनआयडीने प्रसिद्ध केलेले देबकुमार चक्रवर्ती यांचे भारतीय मापांचे पुस्तक मला कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा मोलाचे वाटते. पुढे ‘इंडियासाइझ’ने त्रिमितीय स्कॅनर आणले. २५ हजार माणसे मोजण्याच्या त्या योजनेतल्या सहा शहरांत मुंबईही होती. पण ती मापे कपड्यांसाठी, स्थिर उभ्या शरीराची.

आपले शरीर स्थिर असते कुठे? सकाळी घाटकोपरला लोकल पकडताना एक पाय फलाटावर, दुसरा फूटबोर्डवर, एका हातात पिशवी, दुसरा दांड्याकडे, पाठीमागून रेटा. तिघांच्या बाकावर चौथी सीट मिळाली, तर शरीराचा अर्धा भार एकाच पायावर. ही हालचाल रोज लाखो माणसे करतात आणि अभिकल्पाच्या दृष्टीने इतकी महत्त्वाची दुसरी कुठली हालचाल या शहरात मला दिसत नाही. तरी फलाट आणि डबा यांच्यातली फट गंभीरपणे घेतली गेली ती जानेवारी २०१४नंतर. घाटकोपरला एका मुलीने त्या फटीत पडून दोन्ही हात गमावले, उच्च न्यायालयाने जाब विचारला आणि मग फलाट ९०० मिलिमीटरपर्यंत उंचावण्याचे काम वेगाने सुरू झाले. बुटक्या प्रवाशाचा गुडघा किती वाकतो, दांडा हाताला कुठे लागतो, हे पडद्यावर आधी तपासता आले असते. तंत्र तेव्हा जुने झाले होते.

२५ डिसेंबर २०१७ला बोरिवलीहून पहिली वातानुकूलित लोकल सुटली. तिच्या आपोआप मिटणाऱ्या दारांनी चढण्याची सगळी लयच बदलली. तिथे धावत येऊन दांडा पकडणे संपले, दार मिटण्याआधी शरीर आत घेणे आले. ही नवी हालचाल टिपायला पवईहून कॅमेरे घेऊन कांजूरमार्गचा फलाट गाठला तरी पुरे.