मंगळावरच्या गाडीचा बेशिस्त कारकून

आकाशवाणीच्या स्टुडिओत लाल दिवा लागला की कवीलासुद्धा वेळेवर बोलावं लागतं. ओळ कितीही सुंदर असो, ठरलेल्या क्षणी ओठांवर आली नाही तर ऐकणाऱ्याच्या लेखी ती नाहीच. यंत्रांच्या पोटातही असा एक वक्तशीर कारभारी असतो. गाडीचे ब्रेक, अंतराळयान यांच्यातल्या छोट्या संगणकांवर तो राज्य करतो. त्याला 'रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टीम' म्हणतात. तो फार वेगवान असतोच असं नाही. पण दिलेलं काम दिलेल्या मुदतीत, ही त्याची जबान.

अशा कारभाऱ्याकडे बरेचदा दप्तर नसतं. माहिती फायलींमध्ये जपायची तर 'फाइल सिस्टीम' वेगळी जोडावी लागते. माझा भाचा हेच काम करतो. "एक कपाट तर बसवायचं!" असं मी म्हणालो, तेव्हा तो हसला. "मामू, कपाट सोपं आहे. कपाटाचा कारकून अवघड."

अवघड का? माहिती ज्या फ्लॅश मेमरीत राहते, तिथे लिहिलेल्यावर पुन्हा लिहिता येत नाही. आधी एक मोठा तुकडा अख्खा पुसावा लागतो. त्यामुळे एक नोंद पटकन होते, दुसरी रेंगाळते. तेवढ्यात ब्रेक थांबून राहणार नाहीत! म्हणून कारकुनाला शेवटच्या रांगेत बसवतात. शिवाय त्याला पसारा मांडायला टेबलही लागतं, म्हणजे चालू स्मृती, रॅम.

हे टेबल अपुरं पडलं की काय होतं, ते 'नासा'ने पाहिलं. 4 जानेवारी 2004 रोजी 'स्पिरिट' ही गाडी मंगळावर उतरली. आत 'व्हीएक्सवर्क्स' ही सिस्टीम, 128 मेगाबाइट रॅम आणि 256 मेगाबाइट फ्लॅश. 21 जानेवारीला तिचं बोलणं तुटलं. बिचारी साठाहून अधिक वेळा बंद होऊन पुन्हा सुरू होत राहिली. रात्री झोपेना, बॅटरी उतरत चाललेली.

दोष ना चाकात होता, ना कॅमेऱ्यात. फाइल सिस्टीम जुन्या 'डॉस' वळणाची होती. तिच्यात फाइल काढून टाकली तरी सूचीतल्या नावाच्या पहिल्या अक्षरावर फक्त खूण होते. सूची आखडत नाही. सात महिन्यांच्या प्रवासातल्या फायलींची भर पडत ती फुगली. तिची प्रत रॅममध्ये मांडायची, तर जागा संपली. जागा नाही म्हणून संगणक नव्याने सुरू झाला. सुरू होताच त्याने पहिल्यांदा तेच कपाट उघडलं, पुन्हा जागा नाही! (आमच्या कवितांच्या वह्यांचं वेगळं काय असतं?)

पृथ्वीवरून निरोप पोचायला दहाएक मिनिटं. अभियंत्यांनी हुकूम धाडला: फ्लॅश उघडू नकोस, नुसत्या रॅमवर जागी हो. ती जागी झाली. मग फालतू फायली निघाल्या आणि फेब्रुवारीत फ्लॅश पुसून नव्याने मांडली गेली. 90 मंगळदिवसांसाठी पाठवलेली ती गाडी मार्च 2010 पर्यंत बोलत होती.

पुढे या कारकुनांना शिस्त लागली. 2017 मध्ये 'आर्म' कंपनीने खुली केलेली 'लिटलएफएस' घ्या: कितीही फायली असोत, ती ठरावीकच रॅम वापरते. आधी नवी प्रत लिहिते, मगच सूची बदलते. मध्येच वीज गेली तर जुनी प्रत शाबूत. भाचा हल्ली याचीच परीक्षा घेतो. लिहिणं चालू असताना मुद्दाम वीज तोडायची, पुन्हा जोडून फाइल तपासायची, पुन्हा तोडायची. आपा सगळ्या मोहल्ल्यात सांगत फिरते, "आमच्याकडे वीज फुकटात जाते, याला मात्र ती घालवायचा पगार मिळतो."