मोटारीचा हीटर थंड का पडतो?

बंगळूरसारख्या शहरात मोटारीला हीटर कशाला हवा, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे साहजिक आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर वसलेल्या या नगरीचा हिवाळा सौम्य असतो. जानेवारीतील किमान तपमान सरासरीने १५-१६ अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. १३ जानेवारी १८८४ रोजी पारा ७.८ अंशांपर्यंत उतरला होता. तो आजही या शहराचा नीचांक म्हणून सांगितला जातो. अशा हवेत मोटारीच्या पुढच्या फळीवरील उष्णतेची कळ वर्षातील बहुतेक दिवस निळ्या खुणेवरच विसावलेली असते, आणि तांबड्या खुणेकडे ती फिरवली तर काय होईल याचा विचारही चालकाच्या मनात येत नाही.

हा विचार मनात येतो तो गाडी बंगळूरबाहेर पडल्यावर. कोरमंगला भागातील एखादे कुटुंब नाताळच्या सुटीत पहाटेच निघून म्हैसूरमार्गे उदकमंडलमला, म्हणजे ज्याला आपण उटी म्हणतो त्या गावी जाते. उटीची उंची २,२४० मीटर. तेथे डिसेंबर-जानेवारीत गवतावर हिमकण साठतात. हीटर लावला जातो. गाडी धावत असताना त्यातून सुखद ऊब येते. परंतु वाहनांच्या रांगेत गाडी उभी राहिली, की मिनिटा-दोन मिनिटांत तोच वारा गार होतो. पुन्हा गाडी हलली की ऊब परत येते. प्रवासी कुरकुरतात, शाली पांघरतात आणि परतल्यावर ही गोष्ट विसरून जातात. हे विसरणे मात्र पुढे महाग पडू शकते. कारण गैरसोयीच्या रूपाने आलेली ती इंजिनाची तक्रार असते.

ही तक्रार समजण्यासाठी हीटरची रचना ध्यानात घेतली पाहिजे. पेट्रोल किंवा डिझेल जाळणाऱ्या मोटारीत हीटरला स्वतःची अशी शेगडी नसते. इंधनातून निघालेल्या उष्णतेपैकी स्थूलमानाने एक तृतीयांश चाकांच्या कामी येते, एक तृतीयांश धुरावाटे निघून जाते आणि उरलेली इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्यात उतरते. या पाण्यात ग्लायकॉल व गंजरोधक द्रव्ये मिसळलेली असतात; चालकमंडळी त्याला ‘कूलंट’ म्हणतात. एक पंप हे पाणी सतत फिरवीत ठेवतो. पाण्याचा मोठा प्रवाह गाडीच्या तोंडाशी असलेल्या रेडिएटरकडे जातो, आणि एक लहानसा फाटा पुढच्या फळीमागे दडलेल्या छोट्या रेडिएटरकडे वळतो. त्यावरून पंख्याने हवा फुंकली की ती तापून आत येते. हाच हीटर.

आता या पंपाची गती पाहू. बहुतेक गाड्यांत तो इंजिनाच्याच शक्तीने पट्ट्याद्वारे फिरतो. गाडी उभी आणि इंजिन चालू, म्हणजे ज्याला ‘आयडलिंग’ म्हणतात त्या अवस्थेत, इंजिन मिनिटाला सुमारे ८०० फेरे घेते. धावताना हे फेरे दोन-अडीच हजारांवर जातात. अर्थात उभ्या गाडीत पंपाचा जोर सर्वांत कमी असतो. यंत्रणा निर्दोष असेल तर एवढा जोरही हीटरला पुरतो. परंतु पाणी थोडे कमी झाले, वाटेत हवेचा फुगा अडकला, पंपाची पाती झिजली किंवा हीटरच्या नळ्यांत क्षार साचला, तर हा दुबळा प्रवाह प्रथम हीटरपाशीच तुटतो. कारण हीटर बहुधा पाण्याच्या मार्गात उंचावर असतो आणि त्याच्या नळ्याही अरुंद असतात. एखाद्या इमारतीत पाण्याचा दाब घटला, की वरच्या मजल्यावरचा नळ आधी कोरडा पडतो, त्यातलाच हा प्रकार.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. उभ्या गाडीत हीटरची ऊब किंचित कमी होणे हा दोष नव्हे. आयडलिंगमध्ये इंधन थोडे जळते, त्यामुळे उष्णताही थोडी निर्माण होते. डिझेलच्या नव्या गाड्यांत तर हे विशेष जाणवते. काही गाड्यांचे इंजिन सिग्नलपाशी आपोआप बंद पडते. तेव्हा वारा निवला तर नवल नाही. पूर्णतः विजेवर चालणाऱ्या मोटारींची ऊब इंजिनातून येतच नाही, म्हणून हे विवेचन त्यांना लागू नाही. दोष मानावयाचा तो ऊन वारा पाहता पाहता गार होतो आणि ॲक्सिलरेटर दाबताच पुन्हा ऊन होतो तेव्हा. याउलट धावत्या गाडीत वारा गार आणि तपमानाचा काटाही खाली राहत असेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकल्याचा संशय घ्यावा. काटा योग्य जागी असून वारा कधीच तापत नसेल, तर हवेची दिशा बदलणारी आतली झडप किंवा हीटरची तोटी तपासावी.

परंतु आयडलिंगमधील गारव्याला एवढे महत्त्व का द्यावयाचे? याचे उत्तर कोरमंगल्याच्या रस्त्यांवर मिळते. सोनी वर्ल्ड चौक, इनर रिंग रोड, २०१७ साली काम सुरू होऊन वर्षानुवर्षे रखडलेल्या ईजीपुरा उड्डाणपुलाचा परिसर, या भागांत गर्दीच्या वेळी मोटार धावण्यापेक्षा उभीच अधिक राहते. उभ्या गाडीला समोरून वारा मिळत नाही. रेडिएटरची सारी भिस्त विजेच्या पंख्यावर आणि मंद फिरणाऱ्या पंपावर असते. ज्या अवस्थेत हीटरपर्यंत पाणी पोहोचत नाही, नेमक्या त्याच अवस्थेत इंजिनालाही पाण्याची निकड असते. हीटर गार पडला याचा अर्थ पाण्याचा पुरवठा सीमेवर येऊन ठेपला आहे.

याहून फसवी बाब म्हणजे तपमानाचा काटा. काट्याला सूचना देणारे उपकरण पाण्यात बुडालेले असावे लागते. पाण्याची पातळी उतरून त्याच्याभोवती हवा राहिली, तर इंजिन पोळत असूनही काटा निवांत दिसू शकतो. पुढे ॲल्युमिनियमचे सिलिंडर-हेड वाकते, हेड गॅस्केट फुटते आणि जे काम कूलंटच्या एका बाटलीत भागले असते, त्यासाठी इंजिन उतरवावे लागते. इंजिन तापू लागले तर हीटर पूर्ण सोडावा, म्हणजे तो दुसऱ्या रेडिएटरचे काम करतो, ही जुन्या चालकांची युक्ती शास्त्रशुद्ध आहे. तथापि काटा चढत आहे आणि हीटरमधून गार वारा येत आहे, असे दिसले तर ती युक्ती निरुपयोगी ठरते. कारण उष्णता वाहून आणणारे पाणीच तेथे उरलेले नसते. अशा वेळी गाडी कडेला घेऊन इंजिन तत्काळ बंद करणे हाच एक उपाय.

दोष शोधताना स्वस्त व सोप्या तपासणीपासून आरंभ करावा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचे बॉनेट सकाळी उघडून कूलंटच्या डब्यातील पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे का ते पाहावे. रेडिएटरला वेगळे झाकण असेल तर तेही उघडून पाणी काठोकाठ आहे का ते पाहावे. कारण डबा भरलेला असूनही रेडिएटर रिता असू शकतो. हे झाकण इंजिन गरम असताना कदापि उघडू नये. त्याचे कारण झाकणाच्या कामातच आहे. बंगळूरच्या उंचीवर उघड्या भांड्यातील पाणी सुमारे ९७ अंशांना उकळते, उटीला ९३ अंशांच्या आसपास. आणि इंजिनाचे चालते तपमान असते ९० अंशांच्या जवळपास. झाकण आतल्या पाण्यावर साधारण एका वातावरणाइतका जादा दाब राखते, म्हणून बंगळूरमध्ये ते पाणी ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडताच हा दाब सुटतो आणि उकळते पाणी तोंडावर उसळते. उलट झाकणाची रबरी चकती सैल झाली असेल, तर घाट चढताना पाणी हळूहळू उतू जाते आणि हीटर गार पडण्याची पायाभरणी होते.

पातळी ठीक असेल तर गाडी मोकळ्या जागी आणून इंजिन सुरू करावे. गृहसंकुलांच्या तळघरातील वाहनतळावर इंजिन चालू ठेवून अशी तपासणी करणे धोक्याचे आहे. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, परंतु तो प्राण घेऊ शकतो. इंजिन तापल्यावर हीटर पूर्ण सोडावा आणि इंजिन व प्रवाशांची जागा यांमधील पत्र्यातून आत जाणाऱ्या दोन रबरी नळ्यांना, फिरता पंखा व पट्टा यांपासून हात दूर ठेवून, अलगद स्पर्श करावा. दोन्ही नळ्या गरम असतील तर पाणी वाहत आहे. दोष आतल्या झडपेत असावा. एक गरम व दुसरी गार असेल तर प्रवाह अडला आहे. इंजिनाचे फेरे दोन हजारांवर नेताच दुसरीही तापली, तर हवेचा फुगा, पंप किंवा अंशतः तुंबलेला हीटर यांपैकी एक कारण असणार.

हवेचा फुगा बहुधा कूलंट बदलल्यानंतर राहून जातो. गाडीचे तोंड चढावर ठेवून, हीटर सोडून, हवा काढण्याचा स्क्रू असल्यास तो ढिला करून हवा निघून जाऊ द्यावी लागते. काही गाड्यांत हे काम निर्वात पंपानेच नीट होते. ते गॅरेजवर सोपवावे. हवा काढूनही पंधरा दिवसांत तोच प्रकार घडला, तर कोठेतरी गळती आहे असे समजावे. पुढच्या आसनाखालील चटई ओलसर व गोडसर वासाची असेल तर हीटरच पाझरत आहे. पंपाखाली सुकलेल्या कूलंटचे डाग असतील तर पंपाची सील गेली आहे. बाहेर कोठेच ओल नसून पाणी घटत असेल, तर हेड गॅस्केटमधून जळालेला वायू पाण्यात शिरत असण्याचा संभव असतो. यासाठी मिस्तरी एका निळ्या द्रवाची परीक्षा करतात; वायू शिरत असल्यास पेट्रोलच्या गाडीत तो पिवळा होतो. ही परीक्षा थोड्या खर्चाची असते. ती केल्यावाचून इंजिन उघडण्यास कोणी सुचविल्यास मालकाने घाई करू नये.

पंप व पट्टा यांची तपासणी यानंतर करावी. पट्टा सैल पडून घसरत असेल तर पंप मंदावतो. पंपाची पाती गंजून झिजली असतील तर तो फिरूनही पाणी ढकलीत नाही. जे. सी. रोडवरील सुट्या भागांच्या बाजारपेठेत यातले पुष्कळसे भाग मिळतात. पण रोग ओळखल्याशिवाय भाग बदलीत सुटणे म्हणजे पैशाचा अपव्यय होय.

राहिला प्रश्न तुंबलेल्या हीटरचा. त्याचे मूळ पुष्कळदा घरच्या बादलीत असते. बंगळूरला कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून आणले जाते. ते अपुरे पडते म्हणून कूपनलिका व टँकर यांचा आधार घ्यावा लागतो. २०२४ च्या उन्हाळ्यातील टंचाईत हा आधार किती मोठा आहे, ते साऱ्या देशाने पाहिले. कूपनलिकेच्या पाण्यात क्षार अधिक. चहाच्या भांड्यावर बसतो तसाच त्याचा पांढरा थर हीटरच्या बारीक नळ्यांत बसतो. पातळी उतरली की नळाचे पाणी ओतण्याची सवय म्हणूनच सोडली पाहिजे. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले कूलंट, आणि ते सौम्य करावयाचे असल्यास बॅटरीत घालतात तसले शुद्ध पाणी, एवढेच वापरावे. काढलेले जुने कूलंट गटारात ओतू नये. त्याची चव गोड परंतु परिणाम विषारी असतो. मुले व जनावरे यांना त्यापासून जपावे.

बंगळूर, पुणे किंवा इंदूर, जेथे हीटरची रोजची गरज नाही, तेथील मोटारमालकांनी एक साधा नेम पाळावा. महिन्यातून एकदा, इंजिन पूर्ण तापलेले असताना, एखाद्या लांबलेल्या सिग्नलपाशी वातानुकूलन बंद करून हीटर पूर्ण सोडावा आणि वाऱ्यावर हात धरावा. दोन मिनिटे ऊन वारा येत राहिला तर पाणी हीटरपर्यंत पोहोचत आहे. तो गार होऊ लागला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन निवलेले असताना, प्रथम कूलंटची पातळी पाहावी.