जखम दिसते, दुखणे दिसत नाही

रमजान आला की खेळाच्या गप्पांत हकीम ओलाजुवॉनचे नाव हमखास निघते. अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधला हा सात फुटी खेळाडू रोजा ठेवून दुपारचे सामने खेळायचा. टाइमआउटमध्ये सहकारी पाण्याच्या बाटल्या तोंडाला लावत, तेव्हा हा घाम पुसत नुसता बसून राहायचा. 1995 च्या फेब्रुवारीत, म्हणजे जवळजवळ संपूर्ण रमजानात, लीगने त्यालाच महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरवले. किस्सा खरा आहे आणि सांगण्यासारखाही आहे. मात्र तो इतक्या वेळा सांगितला गेला की त्याआधीची चार वर्षे झाकली गेली. त्या वर्षांत एक मोडलेले हाड आहे, एक दुखावलेली मांडी आहे, हातचे निसटलेले दोन हंगाम आहेत आणि एक भांडणही आहे.

ओलाजुवॉन मूळचा नायजेरियातील लागोसचा. लहानपणी तो फुटबॉलमध्ये गोलरक्षक होता, हँडबॉलही खेळायचा. बास्केटबॉल त्याच्या हाती तसा उशिराच आला. 1980 मध्ये तो ह्यूस्टन विद्यापीठात शिकायला गेला. चार वर्षांनी एनबीएच्या संघांनी नवे खेळाडू निवडले, तेव्हा ह्यूस्टन रॉकेट्सने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतले. त्या वर्षी मायकेल जॉर्डन तिसरा निवडला गेला, एवढे सांगितले तरी पुरे.

त्याची जागा होती ‘सेंटर’ची. बास्केटच्या अगदी जवळ उभा राहणारा, सर्वांत उंच, दोन्ही टोकांना भिंतीसारखा माणूस. मुंबईत नागपाड्याच्या मैदानांवर ज्यांनी बास्केटबॉल पाहिला आहे, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. त्या मोहल्ल्याने अब्बास मुंतसिरसारखा भारताचा कर्णधार दिला आणि तिथल्या पोरांना सेंटर म्हणजे काय ते शाळेच्या आधी कळते. इतरांनी इतकेच ध्यानात घ्यावे, की रॉकेट्सचा जवळजवळ प्रत्येक डाव ओलाजुवॉनपासून सुरू होई. चेंडू त्याच्याकडे द्यायचा आणि तो काय करतो ते पाहायचे. प्रतिस्पर्ध्याने फटका मारलाच, तर तो अडवायलाही हाच.

3 जानेवारी 1991 ला शिकागो बुल्सविरुद्धच्या सामन्यात त्यांच्या बिल कार्टराइटचे कोपर ओलाजुवॉनच्या चेहऱ्यावर बसले. उजव्या डोळ्याच्या खोबणीचे हाड मोडले. हंगाम 82 सामन्यांचा असतो आणि तो अजून अर्धाही झाला नव्हता. पुढचे 25 सामने रॉकेट्सला त्याच्याविना खेळायचे होते.

घरातला कर्ता माणूस अचानक अंथरुणाला खिळावा तशी संघाची अवस्था झाली. अशा घरात दोनच गोष्टी होऊ शकतात. एक तर सगळे हातपाय गाळून बसतात, नाहीतर कालपर्यंत ज्याला कुणी काही विचारत नव्हते तो उठून बाजाराची पिशवी हातात घेतो. ह्यूस्टनमध्ये ही पिशवी उचलली लॅरी स्मिथने. वय तेहेतीस, कारकीर्द उतरणीला लागलेली, सेंटरच्या मानाने उंची बेताची. गुण मिळवणे हे त्याचे काम कधीच नव्हते. त्या संपूर्ण हंगामात त्याची सरासरी चार गुणांच्याही खालीच राहिली. हुकलेला चेंडू अंगाखांद्यावर झेलून परत आपल्या बाजूला आणायचा, एवढेच तो करी आणि ते तो दर रात्री करत राहिला. गुण आता बाहेरून येऊ लागले. केनी स्मिथ, ओटिस थॉर्प आणि व्हर्नन मॅक्सवेल यांनी ते ओझे वाटून घेतले. 26 जानेवारीला क्लीव्हलँडविरुद्ध मॅक्सवेलने 51 गुण केले, त्यातले 30 शेवटच्या बारा मिनिटांत. ओलाजुवॉन मैदानावर असता तर हे घडले असते का? बहुधा नाही, कारण चेंडू मॅक्सवेलच्या हातात इतका वेळ राहिलाच नसता.

पंचवीसपैकी पंधरा सामने रॉकेट्सने जिंकले. फेब्रुवारीच्या अखेरीस ओलाजुवॉन डोळ्यांवर संरक्षक चष्मा चढवून परतला, तेव्हा त्याच्यासमोर वेगळाच संघ होता. नायक परत येतो आणि सगळे पूर्ववत होते, असे चित्रपटात असते. इथे परतलेल्यालाच नव्या घडीत आपली जागा शोधावी लागली. चेंडू आता प्रत्येक वेळी त्याच्याकडे येत नव्हता आणि हे त्याच्याही पथ्यावर पडले. दोन-तीन जणांनी घेरून उभे राहण्याचे प्रतिस्पर्ध्यांचे जुने तंत्र आता त्यांनाच महागात पडू लागले.

त्याच दिवसांत, 9 मार्च 1991 ला, त्याने आपल्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग बदलले. अमेरिकेत आल्यापासून तो ‘अकीम’ म्हणून ओळखला जात होता. आता तो ‘हकीम’ झाला. अरबीतले हे अक्षर घशातून येते आणि परक्या जिभेवरून सहज घसरते. आपल्याकडे हकीम म्हटले की युनानी औषधांच्या बरण्या डोळ्यांसमोर येतात, मूळ अर्थ मात्र शहाणा, विवेकी. या काळात तो आपल्या धर्माकडे नव्याने वळत होता. नाव सुधारून आठवडा-सव्वा आठवडा झाला आणि रमजान सुरू झाला.

हंगाम संपला तेव्हा रॉकेट्सच्या खात्यात 52 विजय होते, तोवरच्या त्यांच्या इतिहासातले सर्वाधिक. प्रशिक्षक डॉन चेनी यांना वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षकाचा मान मिळाला. आणि ईदनंतर दोनेक आठवड्यांत बाद फेरीत मॅजिक जॉन्सनच्या लॉस एंजेलिस लेकर्सने त्यांना सलग तीन सामन्यांत गारद केले. ज्या संघाने ओलाजुवॉनविना पंधरा सामने जिंकले, तो ओलाजुवॉनसह एकही जिंकू शकला नाही. यात गूढ काही नाही. साध्या हंगामात प्रतिस्पर्धी रोज बदलतो, त्याला तुमचा अभ्यास करायला सवड नसते. बाद फेरीत तोच संघ रोज समोर येतो आणि तुमचा प्रत्येक कच्चा दुवा चाचपून पाहतो. शिवाय लेकर्स त्या वर्षी अंतिम फेरीपर्यंत गेले. पण पराभवानंतर कुणी असा हिशेब मांडत बसत नाही. हळूहळू एक वेगळाच, थोडासा विषारी प्रश्न शिल्लक राहिला: हा नसताना आपण काय वाईट खेळत होतो?

पुढच्या वर्षी त्या प्रश्नाने फणा काढला. 1991-92 च्या हंगामाच्या सुरुवातीलाच हृदयाच्या अनियमित ठोक्यांमुळे ओलाजुवॉनला काही सामने बाहेर बसावे लागले. संघ अडखळत राहिला. 26 विजय आणि 26 पराभव अशी बरोबरी झाली असताना, फेब्रुवारीत, गेल्या वर्षीचे सर्वोत्तम प्रशिक्षक चेनी यांना घरी पाठवण्यात आले आणि रूडी टॉमजानोविच यांच्याकडे सूत्रे आली. मार्चमध्ये ओलाजुवॉनने सांगितले, मांडीचा मागचा स्नायू दुखावला आहे, खेळता येणार नाही. व्यवस्थापनाला ते पटले नाही. त्यांच्या मते तो खेळू शकत होता. मार्चच्या उत्तरार्धात संघाने आपल्या सर्वांत मोठ्या खेळाडूला निलंबित केले. तो रमजानचाच महिना होता.

डोळ्याचे हाड मोडले होते तेव्हा कुणी पुरावा मागितला नव्हता. चेहरा सुजलेला होता, कोपर लागताना सगळ्या स्टेडियमने पाहिले होते. मांडीच्या आतला स्नायू कुणाला दिसणार? तो किती दुखतो हे ज्याची मांडी त्यालाच ठाऊक. रोज्याचेही असेच आहे. नमाज चारचौघांत दिसते, जकात घेणाऱ्याला कळते, पण बंद दाराआड घोटभर पाणी प्यायले की नाही, याला पिणाऱ्याशिवाय आणि अल्लाहशिवाय साक्षीदार नाही. आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोज्यातून सवलत आहे, राहिलेले रोजे नंतर पूर्ण करायचे. तो आजारी कितपत आहे, हे कुणी दारात उभे राहून तपासत नाही. हकीमाचा सल्ला घ्यावा, शेवटी निर्णय आपल्या इमानाचा.

व्यावसायिक खेळात मात्र इमानावर भागत नाही. तिथे करार असतो, लाखो डॉलर असतात, तिकीट काढून आलेला प्रेक्षक असतो. व्यवस्थापनाची बाजू अगदीच टाकाऊ होती असे नाही. खेळाडू करार वाढवून घेण्यासाठी दुखण्याचा आधार घेतात, असा संशय त्यांना आला आणि तसे खेळाडू जगात नसतात असे कोण म्हणेल? पण सात-आठ वर्षे जो माणूस दर रात्री अंग झोकून खेळला, त्याचा शब्द पडताळण्याआधीच खोटा धरणे ही वेगळी गोष्ट. नावातच हकीम असलेल्याच्या दुखण्यावर कुणाचा विश्वास बसेना. तो दुखावला गेला आणि त्याने आपल्याला दुसऱ्या संघाकडे द्या अशी मागणी केली.

रॉकेट्सने त्या वर्षी 42 सामने जिंकले, 40 हरले. लेकर्स 43 जिंकून बाद फेरीत गेले. एका विजयाचा फरक! मॅजिक जॉन्सनने त्या हंगामाच्या सुरुवातीलाच एचआयव्हीच्या निदानानंतर निवृत्ती जाहीर केली होती, म्हणजे ज्या लेकर्सच्या मागे रॉकेट्स राहिले त्यांच्याकडेही त्यांचा तारा नव्हता. निलंबनाच्या दिवसांतला एखादा सामना हातात आला असता तर, असा हिशेब ह्यूस्टनमध्ये अनेकांनी केला असेल.

भांडण मिटले ते आकाशात. 1992-93 च्या हंगामाचे पहिले सामने जपानमध्ये, योकोहामाला होते. त्या लांबच्या विमानप्रवासात ओलाजुवॉन आणि संघमालक चार्ली थॉमस समोरासमोर आले आणि बोलले. महिनोन्‌महिने जे एकमेकांविषयी वर्तमानपत्रांतून कळत होते, ते आता प्रत्यक्ष ऐकता आले. विमानातून उठून जायला जागा नसते, हाही एक फायदाच. ओलाजुवॉन ह्यूस्टनमध्येच राहिला. त्या हंगामात संघाने 55 सामने जिंकले आणि पुढच्या वर्षी, 1994 मध्ये, न्यूयॉर्कला सात सामन्यांत हरवून पहिले विजेतेपद मिळवले.

म्हणून 1995 चा तो रमजान वेगळ्या नजरेने वाचावा लागतो. दिवसभर उपाशी असलेला सेंटर पूर्ण ताकदीने खेळेल की नाही, हे ठरवणे पुन्हा एकदा त्याच्या शब्दावरच होते आणि या वेळी तो शब्द मानला गेला. महिन्याच्या मध्यावर त्याचा विद्यापीठातला जुना सहकारी क्लाइड ड्रेक्सलर संघात आला, त्याच्या बदल्यात ओटिस थॉर्प गेला. रमजान सरला आणि काही आठवड्यांनी ओलाजुवॉन पुन्हा बाहेर बसला, शरीरातले लोह कमी होऊन रक्तक्षय झाल्यामुळे. हेही न दिसणारेच दुखणे. त्याची रोज्यांशी सांगड घालण्याची घाई बाहेरून पाहणाऱ्याने न केलेली बरी. 1992 मध्ये घाईनेच घात केला होता. संघाने वाट पाहिली. 47 विजयांसह सहाव्या क्रमांकावरून बाद फेरीत शिरलेल्या रॉकेट्सने यूटा, फीनिक्स, सॅन अँटोनियो असे एकेक घर ओलांडले. फीनिक्सविरुद्ध तर 1-3 अशा पिछाडीवरून. जूनमध्ये ओरलँडोला सलग चार सामन्यांत हरवून त्यांनी विजेतेपद राखले.

खेळणाऱ्यांत लॅरी स्मिथ तोवर उरला नव्हता. तो त्याच संघाचा सहायक प्रशिक्षक झाला होता आणि बाकावर बसून हे सगळे पाहत होता.