दत्तक मूल आणि थांबलेला हुकूम

कागदाची किंमत कामगाराला कोणी शिकवावी लागत नाही. कायमच्या नेमणुकीचा कागद हाती नसेल, तर वर्षानुवर्षे राबलेला बदली कामगार बदलीच राहतो. दत्तक मुलाचे तसेच आहे. ते घरात येते, आईच्या कुशीत झोपते; परंतु हुकूम निघेपर्यंत कायद्याच्या लेखी ते पाहुणेच!

२०१५ च्या बालन्याय कायद्याने घालून दिलेली वाट अशी: बालकल्याण समिती मूल दत्तकासाठी मोकळे ठरवते, इच्छुक आईबापांच्या घराची पाहणी होते, मूल संगोपनासाठी त्यांच्या स्वाधीन होते आणि शेवटी हुकूम होतो. हा हुकूम न्यायालय देत असे. निकाल दोन महिन्यांत लागावा असे कायदा सांगत होता. तरी प्रकरणे रेंगाळत. म्हणून २०२१ च्या दुरुस्तीने तो अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्याकडे दिला. १ सप्टेंबर २०२२ पासून तिचा अंमल सुरू झाला.

हेतू चांगला, घोटाळा झाला तो सांध्यात. न्यायालयात चालू असलेली प्रकरणेही नव्या कचेरीकडे धाडायची ठरली. निकालाच्या उंबरठ्यावरील आईबापांपुढे पुन्हा पहिली पायरी आली. अखेर जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, चालू प्रकरणे न्यायालयांनीच चालवावीत, असा अंतरिम आदेश दिला.

अशा दिरंगाईत काय अडते? जन्मदाखल्यावर आईबापांचे नाव चढत नाही. त्यावर अवलंबून असलेली पुढची कामे खोळंबतात. याहून मोठे नुकसान मनाचे. जॉन बोल्बी या इंग्रज मनोविकारतज्ज्ञाने १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात सांगितले, की लहानपणी मायेचे एक स्थिर माणूस मुलाला लागतेच. एकदा सोडले गेलेले जाणते मूल तर घरातली कुजबुजही कान देऊन ऐकते.

मात्र प्रत्येक थांबणे वाईट नव्हे. मूल सोपवणाऱ्या जन्मदात्रीला कायदा फेरविचारासाठी साठ दिवस देतो. तो न्यायच आहे. पण कायद्यांनी एकमेकांकडे पाहायला हवे. २०१७ साली दत्तक आईला बारा आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. अट अशी होती, की मूल तीन महिन्यांच्या आतले हवे. साठ दिवस फेरविचारात गेल्यावर उरत होते किती? रजेचा हक्क दिला, पण तो पदरात पडण्याची वाट ठेवली नाही.

तेव्हा मंडळी, कायदा बदलताना एक नियम पाळावा: जुने दार बंद करण्यापूर्वी दारात उभे असलेले मूल आत घ्यावे.