गळती नेमकी कुठे आहे?

तुमसरच्या आमच्या जुन्या घरात मधल्या खोलीच्या भिंतीवर ओलीचा डाग पडला होता. गवंड्याने गिलावा खरवडून नवा केला. चार महिन्यांत डाग परत आला. पुन्हा गिलावा, पुन्हा डाग. शेवटी आई म्हणाली, "अरे, हा डाग भर उन्हाळ्यातही वाळत नाही, मग पावसाचं पाणी असेल कसं?" तिचे बरोबर होते. भिंतीपलीकडच्या न्हाणीतला, वरच्या अंगाचा नळाचा सांधा पाझरत होता. दोनदा केलेल्या गिलाव्याचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

श्रोतेहो, पाणी जिथे दिसते तिथेच गळती असते असे नाही. म्हणून दुरुस्तीआधी डाग कधी वाढतो ते पाहा. फक्त पावसाळ्यात वाढत असेल तर स्लॅब तपासा. आंघोळीनंतर वाढत असेल तर सांडपाण्याचा पाइप किंवा न्हाणीची फरशी. बारा महिने सारखाच असेल तर भरलेली पाइपलाइन.

आता टाकीची परीक्षा. रात्री टाकी भरा, मोटार बंद ठेवा, सगळे नळ आणि संडासच्या फ्लशचा कॉक बंद करा. काठी बुडवून पाण्याची पातळी खूण करून ठेवा. सकाळी पातळी उतरली असेल तर दुसऱ्या रात्री टाकीखालचा मुख्य कॉकही बंद करून पाहा. तरीही पाणी उतरले, तर दोष टाकीत किंवा तिच्या जोडात. पातळी टिकली, तर दोष कॉकच्या पुढे. मग स्वयंपाकघर, न्हाणी, संडास यांचे कॉक एकेक करून बंद करा. ज्याने उतार थांबेल तिथे गळती. अशा रीतीने सारी भिंत न फोडता हातभर जागा सापडते.

फ्लशच्या टाकीत कपड्यांना घालायची नीळ टाका आणि अर्धा तास पाणी सोडू नका. भांड्यात निळसर पाणी दिसले तर आतली झडप गळते. विहिरीवरच्या मोटारीत रोज पाणी भरावे लागत असेल तर फूटव्हॉल्व्ह आधी पाहा.

दुरुस्ती करताना टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेनेच गुंडाळा. उलटी गुंडाळली तर घट्ट करताना ती सुटते. प्लास्टिकच्या पाइपला चिकटद्रव्य लावण्याआधी तो पूर्ण कोरडा हवा. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. गच्चीवरचा उघडा पाइप उन्हाने ठिसूळ होतो. त्याला रंग द्या किंवा झाकून ठेवा. टिपकणाऱ्या नळाला बहुधा नवे वायसर पुरते.

"थेंबभर तर पाणी," असे आपण म्हणतो. सेकंदाला एक थेंब धरला तर दिवसाला सुमारे ४ लिटर आणि वर्षाला दीड हजार लिटर पाणी जाते. मिनिटात पाव लिटर जाणारी बारीक धार दिवसाला ३६० लिटर वाहून नेते. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर हे प्रमाण ठरवले. म्हणजे ही एक धार सहा माणसांचे पाणी पळवते.

खरा धोका मात्र रस्त्याखालच्या नळाचा. आपल्या गावांत पाणी ठराविक वेळीच येते. पुरवठा थांबला की पाइपातला दाब उतरतो, आणि ज्या फटीतून सकाळी पाणी बाहेर पडत होते तिच्यातूनच शेजारच्या नालीचे पाणी आत शिरते. थेट नळाला टुल्लू पंप जोडला तर ही ओढ आणखी वाढते. कावीळ, गॅस्ट्रो, विषमज्वर या वाटेने घरात येतात. इचलकरंजीत २०१२ साली दूषित पाण्यामुळे आलेली काविळीची साथ आपण विसरू नये.

म्हणून घरचे सगळे नळ बंद असताना मीटर फिरत असेल, नळाला गढूळ किंवा वास येणारे पाणी आले, अथवा नालीतून गेलेला घरचा जोड भिजलेला दिसला, तर थांबू नका. नगरपरिषदेला किंवा ग्रामपंचायतीला लगेच कळवा, आणि तोवर पिण्याचे पाणी उकळूनच घ्या. भिंतीवरचा डाग नुसता दिसायला वाईट असतो; नालीतला सांधा लेकरांच्या जिवाशी खेळतो.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)